छबूमावशीचा फरफट्या

छबूमावशी खोटं बोलतेय, हे मला तिच्या घरी पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं.

मी अकरा वर्षांची होते आणि माझा कुणावरही विश्वास नव्हता. यात माझा दोष नाही. माझे वडील पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. बाहेर पडणाऱ्या माणसाचा डबा उघडायचा, पिशवी झटकायची, चेहरा वाचायचा, याचा त्यांना पगार मिळे. घरी जेवताना ते सांगत, माणूस खोटं बोलताना कुठं बघतो, हात कुठं लपवतो, गरज नसताना कसा हसतो. त्यांना संशयाचे पैसे मिळत, मला ती कला फुकट मिळाली. दूधवाल्यापासून शाळेच्या बाईंपर्यंत मी सगळ्यांना पकडत असे आणि सगळ्यांना नकोशी झाले होते. म्हणूनच सत्तावन्न सालच्या मे महिन्यात आईनं मला सुट्टीपुरतं तिच्या थोरल्या बहिणीकडं पाठवून दिलं.

करंजवस्ती चिखलीच्या पुढं, इंद्रायणीच्या अलीकडं होती. होती म्हणते, कारण आता तिथं पत्र्याच्या शेड आहेत, लेथ मशिनींची घरघर आहे, आणि ओढ्यावर स्लॅब टाकून कुणीतरी टेम्पो लावायची सोय केली आहे. तेव्हा ओढा उघडा होता. काठाला करंजाची दाट झाडी, वर मुरमाड जमिनीवर पंधरा-वीस घरं आणि मधोमध भैरोबाचं देऊळ. देवळाच्या दारात एक जुना कोरीव दगड बसवला होता, चाकणच्या किल्ल्याकडून कुणीतरी बैलगाडीत घालून आणलेला म्हणे. त्यावरच्या जनावराचं अंग वाघाचं, तोंड कशाचंच नाही, आणि चारी पंजांत एकेक हत्ती. मोठी माणसं त्याला शरभ म्हणत.

छबूमावशी उंच, काळी, हाडापेरानं मजबूत. ती चालायला लागली की मागच्याला पळावं लागे. मिश्रीनं दात काळे झालेले, आणि ते दिसायचे क्वचितच, कारण ती फारशी हसत नसे. तिला मूलबाळ नव्हतं. जनावरांशी ती भरभरून बोले, माणसांशी कामापुरतं. तिचे यजमान सोपानराव, म्हणजे माझे काका, अगदी उलट. डोक्याला तांबडा फेटा, मिशीला पीळ, आणि रोज सकाळी देवळाच्या पारावर सरपंच उद्धवरावांच्या शेजारी बैठक. ती जागा काकांना जमिनीपेक्षा प्यारी होती. तिथं दुसरं कुणी बसलं तर ते घसा खाकरत, आणि तो माणूस उठेपर्यंत खाकरत राहत.

त्या संध्याकाळी मी गोठ्यात डोकावले तर दावणीला एकच बैल होता. गेल्या सुट्टीत मी हौश्याला हातानं कडबा भरवला होता. म्हातारा, हाडं निघालेला, पण फार मायाळू बैल.

"मावशे, हौश्या कुठंय?"

मावशी भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत, पण तिनं माझ्याकडं बघायचं सोडून चुलीकडं बघितलं. "न्हेला."

"कुणी?"

"फरफट्यानं."

बाकीचं जेवताना काकांनी सांगितलं. माघातली गोष्ट. सकाळी उठून बघतात तर दावं तुटलेलं, बैल गायब, आणि गोठ्यापासून ओढ्यापर्यंत जमिनीवर रुंद फरफट उमटलेली. आख्खा बैल तोंडात धरून ओढत नेणारं जनावर. म्हणून त्याचं नाव फरफट्या.

"देवळातला दगुड बगितलास न्हवं? हत्ती धरतंय त्ये. बैलाचं काय घिऊन बसलीस!"

"पण कुणी पाहिलाय का त्याला?"

"बगनारा मागं ऱ्हातो व्हय सांगायला?" असं म्हणून काका हसले. गरज नव्हती, तरी हसले.

मावशीनं भाकरी वाढायला हात पुढं केला. तिच्या दोन्ही तळव्यांवर आडवे वण होते, दोर सरकून कातडी सोलली की राहतात तसे. मी बघतेय हे लक्षात येताच तिनं हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवसापासून मी चौकशीला लागले. वस्तीत दुसरा विषयच नव्हता. कुणाची गाय, कुणाची म्हैस, कुणाचं वासरू, सगळी फरफट्यानं नेलेली. प्रत्येक गोठ्यापासून ओढ्यापर्यंत तशीच फरफट. वर्णन विचारलं की मात्र ज्याचा त्याचा फरफट्या वेगळा. एकाच्या मते त्याच्या अंगाला खवले आहेत. दुसऱ्याच्या मते तो मागच्या दोन पायांवर चालतो. शेजारची मंजुळाबाई म्हणाली, त्याला डोळेच नाहीत, तो वासावर येतो. दिवेलागणीच्या आत पोरं घरात आणि दारांना अडसर.

मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे, नेलेलं प्रत्येक जनावर म्हातारं नाहीतर आजारी होतं. तरणाताठा बैल फरफट्याला एकदाही आवडला नव्हता. आणि दुसरी, दुसऱ्याच्या गोठ्याची हकीकत माणसं डोळे विस्फारून सांगत, स्वतःच्या गोठ्याची मात्र पायाच्या अंगठ्याकडं बघत. माझे वडील तिथं असते तर त्यांनी अख्ख्या वस्तीला डबा उघडायला लावला असता.

वस्तीच्या खालच्या अंगाला, जरा दूर, वेगळी घरं होती. तिथले चिमाजी देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते आणि सायकलवरून येत-जात. वस्तीतली माणसं त्यांना सरळ चिम्या म्हणत, पोरंसुद्धा. मी त्यांना काका म्हणून हाक मारली तेव्हा ते सायकलवरून उतरले.

"चिमाजीकाका, तुमचं कुठलं जनावर नेलं फरफट्यानं?"

"आमच्याकडं येत न्हाई त्यो."

"का बरं?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, मी थट्टा करतेय का हे पडताळल्यासारखं. मग म्हणाले, "त्यो वस्तीत कवापास्नं याला लागला, येवढंच घरी इचार." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

मी घरी विचारलं. मावशी शेण कालवत होती. "दसरा झाल्यावर, माघापास्नं," ती म्हणाली.

"दसऱ्याला काय झालं होतं?"

तिनं कालवायचं थांबवलं. मग तिनं सांगितलं. पिढ्यान् पिढ्या गावची मेलेली जनावरं ओढून न्यायचं काम खालच्या घरांच्या माथी होतं. दसऱ्याला त्या लोकांनी धर्म बदलला आणि ते काम सोडलं. उद्धवराव आधी समजूत घालायला गेले, मग दम द्यायला गेले, आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आले.

"मग आता मेलेली जनावरं कोण ओढतं?"

"आता मरत्यात कुठं?" मावशी म्हणाली. "फरफट्याच न्हेतोय की." आणि तिनं पाठ फिरवली.

मावशीवर संशय घ्यायला मला आणखी एक कारण होतं. ऊन उतरलं की ती रोज पाटी घेऊन निघे. शेण्या वेचून येते, म्हणे. जायची मात्र ओढ्याकडं, जिकडं बघायलाही वस्ती घाबरत होती. परत यायची तेव्हा पाटीत शेणाचा कण नसे. दारूबंदीचे दिवस होते, आणि कुठल्या ओढ्यात कुणाची हातभट्टी लागते याची कुजबुज पिंपरीपर्यंत येई. माझी खात्रीच पटली. मावशी भट्टी लावते, आणि तिकडं कुणी फिरकू नये म्हणून तिनं आणि काकांनी मिळून हे जनावर तयार केलं आहे. इतकं सोपं कोडं वस्तीला सुटू नये याची मला कीव आली.

एका संध्याकाळी मी तिच्या मागोमाग गेले. करंजांच्या सावलीतून ती खाली उतरली आणि एका दरडीवर पाटी पालथी घालून तिच्यावर बसली. धूर नाही, मडकी नाहीत, काही नाही. ती नुसती समोरच्या काठाकडं बघत होती. मी झाडामागं श्वास धरून उभी होते.

"सुमे," ती मागं न वळता म्हणाली, "आलीयास तर बस खाली. आन् नखं खाऊ नगंस, आवाज हुतोय."

मी मुकाट्यानं तिच्याजवळ जाऊन बसले. समोरच्या काठावर, खडकाच्या पोटात एक बीळ होतं. उजेड पिवळा झाला तसं बिळातून एक तोंड बाहेर आलं. मोठे कान, काळा गळा. मग सगळं जनावर बाहेर आलं. अंगावर पट्टे, पाठीवर उभे राठ केस, पुढून उंच आणि मागून बुटकं, लंगडत असल्यासारखं चालणारं. मी मावशीचा दंड घट्ट धरला.

"फरफट्या?"

"तरस हाय. मादी." तिच्या आवाजात मी आजवर न ऐकलेलं काहीतरी होतं, गोठ्यात जनावरांशी बोलताना असायचं तसं. "गप बग."

मादीच्या मागून तीन पिल्लं लुटुलुटु बाहेर आली. एकानं आईची शेपटी धरली. दुसरं तिच्या पोटाखालून आरपार गेलं आणि स्वतःच दचकलं. मला हसू फुटलं तशी मादी थांबली, नाक वर केलं. मावशीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. वारा आमच्याकडं होता म्हणून ती पळाली नाही. वारा कुठून कुठं वाहतोय हे आधी बघायचं, मगच जनावराकडं बघायचं, हे मला त्या दिवशी मावशीनं शिकवलं.

मग मी रोज तिच्याबरोबर जायला लागले. तरसाबद्दल मला काय काय ठाऊक होतं! तो माणसासारखा हसतो, भुताला पाठीवर बसवून नेतो, त्याच्या केसांचा ताईत केला की बाधा होत नाही. मावशी म्हणाली, भूत बसल्यालं मी काय बगितलं न्हाई, हाडं फोडताना बगितलंय. दिवसा गिधाडं येतात, मांस खाऊन जातात. राहिलेली हाडं हिच्या दाढेखाली जातात. काही मागं उरत नाही, म्हणून विहिरीचं पाणी नासत नाही आणि रोगराई पसरत नाही. बैलाएवढं जनावर ओढून न्यायची हिची ताकदही नाही आणि हिंमतही नाही. कुत्रं भुंकलं तरी ती वाट सोडते.

"मग बैल कुणी ओढला?"

मावशीनं तळवे पदराखाली सरकवले.

"मावशे, फरफट्या नाहीच ना?"

"हाय की."

"कुठंय?"

तिनं मान वळवून वर वस्तीकडं बघितलं. धूर निघायला लागले होते, भाकरीची वेळ. "थितं," ती म्हणाली. आणि मग एकदाचं तिनं सगळं सांगितलं.

हौश्या माघात मेला, साधा म्हातारपणानं. काका दावणीपाशी डोकं धरून बसले. जमिनीत पुरावा तर खाली सगळा मुरूम, सुरुंगाशिवाय खड्डा निघणार नाही. ओढायला कुणी नाही. आणि स्वतः ओढावा तर पारावर तोंड कसं दाखवायचं? मेलेलं जनावर ओढलं म्हटल्यावर शेजारी कोण बसेल? शेवटी दोघांनी मोटेचा दोर काढला आणि पहाट व्हायच्या आत उतारावरून हौश्याला ओढ्यात नेला. हातांची सालं निघाली. उजाडल्यावर लोकांनी फरफट बघितली, आणि काकांच्या तोंडून निघून गेलं की कसल्याशा जनावरानं बैल ओढून नेला.

"मग दुसरी फरफट उठली, उद्धवरावांच्या गाईची," मावशी म्हणाली. "तवा मी खरंच भ्याले, सुमे. वाटलं, आपून खोटं नाव घेतलं आन् त्ये खरंच आलं. मग जाऊन बगितलं तर फरफटीच्या दोनी अंगांना टाचा रुतल्याल्या. माणसाच्या. आमी जाताना डहाळीनं पुसल्या हुत्या, त्यांचं पुसायचं ऱ्हायलं."

"म्हणजे सगळ्यांनीच?"

"समद्यांनीच. आन् समदी एकमेकाच्या फरफट्याला भित्यात."

मला हसावं की रागवावं कळेना. मावशी मात्र हसत नव्हती. तिनं समोर बघितलं. मादी हाड चघळत पडली होती आणि पिल्लं तिच्या अंगावर चढत होती. "हौश्याला टाकून माझा पाय निगंना. दुसऱ्या सांजेला आले तर ही हुती. वाईट वाटंल म्हनून डोळं झाकलं, पन वाटलंच न्हाई. माझा बैल तिनं कुजत ठिवला न्हाई. आमी त्येला वंगाळ मेल्यावानी लपवून टाकला, आन् हिनं त्येची माती केली." तिच्या डोळ्यांत पाणी मी तेवढं एकदाच पाहिलं.

फरफट्याची कीर्ती एव्हाना चाकणच्या बाजारापर्यंत गेली होती. तिथून ती नानासाहेबांच्या कानावर गेली. नानासाहेब पुण्याचे, खडीचे कंत्राटदार, शिकारीचे शौकीन. एक दिवस त्यांची जीप धुरळा उडवत देवळापाशी उभी राहिली. दुनळी बंदूक, डोक्यावर हॅट, आणि न विचारता मदत करायची हौस. उद्धवरावांना नको म्हणता येईना. नको म्हटलं तर का नको, हे सांगावं लागलं असतं. त्यांनी पाहुण्यांना घरी उतरवून घेतलं आणि चहा पाजला.

नानासाहेब पोरांना घेऊन ओढ्यात उतरले आणि संध्याकाळी खूश होऊन परत आले. "बीळ सापडलं! वाळूत पिल्लांचे पंजे उमटलेत. पिल्लं एवढी, तर आई केवढी असेल, विचार करा!" बिळाच्या तोंडाशी ओला पाला जाळायचा, धूर कोंडायचा, आणि जे बाहेर येईल त्याला गोळी घालायची, असं ठरलं. पोरं ढोल आणायला पळाली. पारावरचा एकही मोठा माणूस बोलला नाही.

मी घरी धावले. "मावशे, सांग त्यांना! पिल्लं मरतील!"

मावशीनं काकांकडं बघितलं. काका फेटा नीट करत होते. "एक अक्षर जायला नगं भाईर," ते म्हणाले. "उद्याच्याला पारावर मी कुटं बसू? दारातनं तोंड काढाया जागा ऱ्हाईल का?"

"आन् त्या पिल्लांनी कुटं बसावं?" मावशी म्हणाली.

"जनावरासाटी माझी अब्रू घालवतीस व्हय?"

त्यावर ती चुलीकडं वळली. मला दोघांचाही राग आला. मी पिंपरीची पोर, उठून देवळात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की फरफट्या नाहीच, ओढ्यात नुसती तरसं आहेत. उद्धवराव म्हणाले, शहरातल्या पोरांना उन्हाची सवय नसते, हिला पन्हं द्या. मंजुळाबाईनं खरोखरच पन्हं आणून दिलं, आणि ते देताना ती स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. मी ते प्यायले नाही.

आणि पाला पेटवायच्या दिवशी सकाळीच उद्धवरावांची म्हैस मेली.

ती बरेच दिवस आजारी होती. एरवी उद्धवरावांनी बायकामुलांना हाताशी धरून गुपचूप काय ते उरकलं असतं. पण पाहुणे ओसरीवरच मुक्कामाला, जीप गोठ्याच्या तोंडाशी. नानासाहेबांनी म्हैस बघितली आणि मांडीवर थाप मारली. "उत्तम! धूर कशाला करायचा? याच वासावर येईल तो. म्हैस इथंच राहू द्या. ओढायला आला की गोळी घालतो."

"येईल का हो नक्की?" मी उद्धवरावांना विचारलं.

"येईल की," उद्धवराव म्हणाले. त्यांचा चेहरा म्हशीसारखाच पडला होता.

रात्रभर नानासाहेब गोठ्याच्या माळ्यावर बंदूक धरून बसले. फरफट्या आला नाही. सकाळ झाली, ऊन चढलं. मे महिन्यातलं ऊन. म्हैस फुगायला लागली. गिधाडं येऊन लिंबावर बसली, पण माणसांच्या गर्दीत छपराखाली उतरेनात. दुपारपर्यंत वास पार देवळात पोचला. माणसं नाकाला फडकी लावून पारावर बसली होती आणि एकमेकांची नजर चुकवत होती. प्रत्येकाला ठाऊक होतं की कुणी येणार नाही. पण दुसऱ्याचा फरफट्या तरी येईल, अशी वेडी आशा मला काहींच्या तोंडावर दिसली. उद्धवरावांच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, घरात चूलच पेटवली नव्हती.

शेवटी नानासाहेब वैतागले. "तो येत नाही म्हणजे बिळातच दडून बसलाय. चला, पाला पेटवा." ढोल वाजला. पोरं जळण घेऊन उठली.

मी मावशीकडं वळले, तर ती तिथं नव्हती. क्षणभर वाटलं, बघवत नाही म्हणून घरी गेली. मग ती येताना दिसली. खांद्यावर मोटेचा दोर, पदर कमरेला खोचलेला, नेहमीसारखी झपझप चाल. ती पारासमोरून गेली, नानासाहेबांच्या जीपला वळसा घालून गोठ्यात शिरली, आणि म्हशीच्या मागच्या पायांना दोर बांधायला लागली. ढोल आपोआप थांबला.

"छबूवैनी, ह्ये काय?" उद्धवराव उठून उभे राहिले.

मावशीनं गाठ आवळली. मग पाराकडं बघून, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं नवऱ्याला हाक घातली. "अवो, या की. हौश्याला दोगांनीच वढला हुता. आज बी वढू."

काकांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. मला त्या वेळी त्यांची फार भीती वाटली. ते उठले. वाटलं, आता हिला मारतील. त्यांनी फेटा उतरवला, पारावर आपल्या नेहमीच्या जागेवर ठेवला, आणि उघड्या डोक्यानं गोठ्याकडं चालत गेले. दोराचं दुसरं टोक त्यांनी उचललं.

दोघांनी जोर लावला. म्हैस हलेना.

तेवढ्यात घरातून दुर्गाबाई बाहेर आली. ती मावशीच्या मागं उभी राहिली आणि तिनं दोर धरला. मग मंजुळाबाई आली. मग आणखी बायका, आणि त्यांच्या मागोमाग, मान खाली घालून, त्यांचे नवरे. दोर कसा धरायचा, टाच कुठं रोवायची, हे कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्यांचा सराव झालेला होता. सगळ्यांत शेवटी उद्धवराव आले.

नानासाहेब हॅट हातात घेऊन बघत होते. "अहो, पण मग तो फरफट्या?"

"हा काय," मी म्हणाले, "चाललाय की तुमच्यासमोरून."

त्यांना ते आवडलं नाही. बंदूक खांद्याला लावत ते म्हणाले, ठीक आहे, पण बिळातली जनावरं तर आहेत ना, आलोच आहे तर तेवढी मारून जातो. मावशीनं दोर न सोडता मान वळवली. "मारा की. मग ही म्हस कोन खाणार? तुमी ऱ्हाताय का वस्तीला?" कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग ते हसू सगळ्या दोरावरून पसरत गेलं. इतक्या महिन्यांचं कोंडलेलं हसू होतं ते. उद्धवरावांनी कपाळ पुसलं आणि पाहुण्यांना नमस्कार केला, निरोपाचा. जीप आली त्यापेक्षा जोरात गेली.

ओढ्याकडं जाणारी वाट खालच्या घरांवरून जायची. आजवर प्रत्येकानं आपापली फरफट मोठा वळसा घालून नेली होती. त्या दिवशी मावशीनं सरळ वाट धरली. भर उन्हात, जमिनीवर रुंद पट्टा ओढत, सगळी वस्ती त्या घरांसमोरून चालली होती. माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

चिमाजी दुपारच्या पाळीला निघाले होते. सायकल धरून ते वाटेच्या कडेला थांबले. मावशी दम खायला उभी राहिली होती, तळवे पुन्हा सोलवटले होते आणि दोराला रक्त लागलं होतं. चिमाजींनी तिच्या हातांकडं बघितलं. ते दोराला हात लावतील, असं उद्धवरावांना वाटलं असावं, कारण त्यांनी सवयीनं थोडी जागा केली. चिमाजी जागचे हलले नाहीत.

"जड लागतंय?" त्यांनी विचारलं.

"लई," मावशी म्हणाली. "लई जड हाय, चिमाजीदादा."

"असतंय," चिमाजी म्हणाले. मग ते सायकलवर बसले आणि डेपोच्या वाटेला लागले.